भेगेवरची काच

मी स्वभावाने भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी घाटाच्या पायऱ्या उतरतानासुद्धा मी भिंतीच्या कडेकडेने उतरायचो. माझ्या वयाची पोरं गंगेत उड्या मारत आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसे. असा माणूस इंजिनिअर कसा झाला, असं लोक विचारतात. मी सांगतो, भीती वाटायची म्हणूनच झालो. छत डोक्यावर पडणार नाही याची खात्री करून घेण्याचा तेवढा एकच मार्ग मला ठाऊक होता.

काशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन मी वरच्या पदवीचा प्रबंध लिहायला घेतला, तेव्हा लढाई चालू होती. इंग्रज सरकारला जागोजागी इंजिनिअर हवे होते आणि माझ्या बरोबरीची मुलं केव्हाच नोकरीला लागली होती. मी मात्र रोज सायकल हाणत ब्रह्मा घाटापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचो आणि संध्याकाळी तसाच परत यायचो. गल्लीतले लोक विचारत, "अजून शिकतोच आहेस का रे? आता आणखी काय बाकी राहिलं?" त्यांना काय सांगणार? प्रबंध म्हणजे नेमकं काय करायचं, ते मलाच धड कळलं नव्हतं.

ते कळलं आमच्या प्रोफेसरांच्या खोलीत. ते मद्रासकडचे होते, हळू आणि कोरडं बोलत. समोरचा विद्यार्थी हुशार असावा असा संशय त्यांना कधी आलेला मी पाहिला नाही. त्यांच्यापुढे उभं राहिलं की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. ते म्हणाले, "पुस्तकांतून उतरवलेला प्रबंध मी वाचणार नाही. एक खरी वस्तू निवडा. वर्षभर तिच्याकडे बघा. ती काय करते ते मला लिहून द्या."

मी भिंत निवडली, आणि तीही घरचीच.

आमचं घर ब्रह्मा घाटाच्या वरच्या अंगाला होतं. पुण्याकडून काशीला आलेल्या कुणा पूर्वजाने ते बांधलं होतं. घराची पूर्वेकडची भिंत चुनारच्या दगडाची, थेट घाटाच्या पायऱ्यांतून वर आलेली. तिच्या पलीकडे गंगा आणि गंगेपलीकडे दूर उजवीकडे रामनगर. त्या भिंतीला लागून जी लांबट खोली होती तिच्यात माझे वडील वेदपाठशाळा चालवत. सगळा ब्रह्मा घाट त्यांना गुरुजी म्हणे. सात-आठ विद्यार्थी समोर बसत आणि बाबा उत्तरेला तोंड करून, उजवा खांदा नदीच्या भिंतीकडे ठेवून संथा देत. त्याच खांद्याच्या वर, हातभर उंचीवर, भिंतीत एक भेग होती. केसासारखी बारीक. ती माझ्या लहानपणापासून तिथे होती. तिच्यामुळे काही झालं नव्हतं, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

भेग हलते की नाही हे ओळखण्याची एक जुनी आणि स्वस्त रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं मसाल्याने भिंतीत पक्की बसवायची. भिंत स्थिर असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भेग जराशी जरी रुंदावली, तरी काच तडकते. काचेला खोटं बोलता येत नाही, असं प्रोफेसर म्हणाले होते, आणि मला ते फार आवडलं होतं. पट्ट्या मी चौकातल्या काचवाल्याकडून कापून आणल्या आणि जास्तीच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून फडताळात ठेवल्या. सिमेंट मात्र मिळेना. लढाईपायी सगळं सिमेंट सरकारच्या कामाला जात होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ओंजळभर मागून आणलं, तेवढ्यात भेगेवर एक पट्टी कशीबशी बसली. पट्टीच्या वर भिंतीवरच कोळशाने तारीख लिहिली.

अडचण वेगळीच होती. पाठशाळेची खोली सोवळ्यातली. मी दिवसभर कॉलेजात हिंडून, सतरा जणांना शिवून घरी येणार. संथा चालू असताना मला त्या खोलीत पाऊल टाकता येत नसे. उंबऱ्यावर उभं राहून मान लांब करून पट्टी बघायची, एवढंच माझ्या हातात होतं. काच आहे की तडकलेली आहे एवढं तिथूनही दिसायचं. शिवाय आई होती. पहाटे स्नान करून ती खोली झाडायची, सारवायची, रांगोळी काढायची, आणि विद्यार्थी यायच्या आत बाहेर पडायची. मी तिला सांगून ठेवलं, "रोज तेवढी काच बघत जा. बाबांच्या खांद्यावरची."

"बघेन की. त्यात काय मोठंसं?" ती म्हणाली. "पण ही आहे तरी कशासाठी?"

"भिंतीला काही झालं तर ती आधी फुटेल."

आईचा चेहरा एकदम उतरला. तिने तोंडावर बोट ठेवलं. "असलं बोलू नये रे. ते खाली बसतात ना तिथे."

मी हसलो. आमच्याकडे बांगडीसुद्धा फुटत नाही, ती वाढते. दिवा विझत नाही, तो शांत होतो. आईच्या तोंडी फुटणं-तुटणं हे शब्द मी कधी ऐकलेच नव्हते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मात्र पानोपानी तेच शब्द, त्यामुळे माझी जीभ सैल सुटलेली.

मग रोज सकाळी मी सायकलला टांग मारायच्या आधी विचारायचो, "आई, काच?" आणि ती स्वयंपाकघरातून सांगायची, "साबुत आहे हो, साबुत. तू जा आपला निश्चिंत." मी उंबऱ्यावरून एक नजर टाकायचो. काच खरंच शाबूत असायची.

उन्हाळा गेला, आषाढ आला, गंगा चढू लागली. रामनगरच्या नावा बंद झाल्या. पाण्याने एकेक पायरी गिळली आणि गढूळ नदी आमच्या भिंतीला येऊन टेकली. खालच्या मल्लाहांनी, नावाड्यांनी, आपलं सामान वर आणून ठेवलं. पंचगंगा घाटाकडच्या बायका रोज नदीची ओटी भरायला येत आणि हात जोडून म्हणत, "मैया, अब बस करो." सगळा घाट भ्यालेला होता, आणि गंमत म्हणजे जन्मात पहिल्यांदा मीच तेवढा भ्यालेलो नव्हतो. माझ्याजवळ पुरावा होता. एवढी नदी भिंतीला भिडली आणि काच तशीच! भिंत पूर्णपणे स्थिर आहे, असं मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात झोकात लिहून टाकलं.

ते प्रकरण वाचून प्रोफेसरांनी चष्मा काढला. "पाणी चढताना भिंती पडत नाहीत," ते म्हणाले. "पाणी उतरताना पडतात."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि म्हणाले, "समजा, या दाराला आतून दहा माणसं रेटत आहेत. बाहेरून एक पैलवान ते दाबून धरतो. दार उभं आहे. आता पैलवान हात काढून घरी गेला, तर?" पुराच्या वेळी भिंतीमागची माती पाणी पिऊन जड होते आणि आतून रेटत राहते. बाहेर नदी असते तोवर तीच भिंतीला धरून ठेवते. नदी भराभर उतरली, की माती अजून ओलीच असते आणि धरणारं कुणी उरत नाही. "तुमचा प्रबंध पाणी ओसरेल त्या दिवशी सुरू होतो," ते म्हणाले. मी घरी येऊन सायकल टेकवली आणि थेट उंबऱ्यावर जाऊन काच बघितली.

श्रावण लागला आणि बाबांनी दरवर्षीप्रमाणे संहितेचं पारायण सुरू केलं. हे पारायण म्हणजे आमच्या घराचा कणा. संकल्प सोडायचा, कलश मांडायचा, नंदादीप लावायचा, आणि समाप्तीपर्यंत आसनाची जागा बदलायची नाही. बाबांच्या वडिलांनी ते त्याच जागेवर केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही. नागपंचमीच्या दिवशी घाटावर एकच गलका झाला. पाणी उतरायला लागलं होतं. मल्लाह ओरडून सांगत होते, "पानी घटत बा, गुरुजी! घटत बा!" शेजारच्या काकूंनी साखर वाटली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझा तेवढा बाहेर पडला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं त्या दिवसापासून मला भिंत चालताना दिसू लागली. मी कॉलेजला दांडी मारली. दर थोड्या वेळाने उंबऱ्यावर जाऊन उभा राहू लागलो. काच शाबूत होती.

अष्टमीला सकाळी मी असाच उभा होतो. आत पारायण रंगात आलेलं, बाबांचा आवाज आणि त्याच्या मागे विद्यार्थ्यांचे आवाज. काचेकडे बघताना मला तिच्या खाली भिंतीवर एक काळी रेघ दिसली. नवी भेग? मी डोळे ताणून बघत राहिलो, तर रेघ हलत होती. मुंग्या होत्या. जमिनीपासून निघून भिंतीवर चढत त्या थेट काचेच्या टोकापाशी जात होत्या आणि तिथे गोळा होत होत्या. दुसऱ्या टोकालाही तसाच काळा घोळका.

सिमेंटला मुंग्या लागत नाहीत.

एवढा विचार मनात आला आणि तिथेच थांबला. त्याच्या पुढचं काही मला सुचेना, सुचवून घ्यायची हिंमतही होईना. मध्यान्हीला पारायण थांबलं आणि मंडळी फराळाला उठली, तोवर मी उंबऱ्यावर खिळून होतो. मग विहिरीवर जाऊन डोक्यावर घागर ओतली आणि ओलेत्याने खोलीत शिरलो. नंदादीप तेवत होता. बाबांचं आसन अजून कोमट होतं. मी त्याच्यावरून वाकून काचेला बोट लावलं, नुसतं लावलं, आणि काच घसरून माझ्या हातात आली. टोकांना चिकट पांढरं काहीतरी होतं. मी ते जिभेला लावलं. गूळ आणि चुना.

खालची भेगही कुणीतरी चुन्याने नीट लिंपून टाकली होती. ते लिंपण एका बाजूने सुटलं होतं. नखाने उकरलं तसं ते ढिगळासारखं निघून पडलं आणि आत माझी करंगळी गेली. केसासारख्या भेगेत करंगळी. आतून गार, ओला वास आला, आणि माझी पाचावर धारण बसली. उभं राहायला भिंतीचा आधार घ्यावा, तर ती हीच भिंत.

स्वयंपाकघरात आई विद्यार्थ्यांची पानं आवरत होती. मी हातातली काच पुढे केली. तिने ती बघितली आणि हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"चिकटली नाही वाटतं नीट," ती म्हणाली.

"तू लावलीस?"

"तुझ्याजवळचं ते सिमेंट संपलं होतं ना. मग गुळाचुन्याने लावली. मजबूत असतं ते."

मी फडताळातला पत्र्याचा डबा काढून उघडला. तळाशी एकच पट्टी उरली होती. माझा आवाज चढला. "किती वेळा? आई, किती वेळा बदललीस?"

मी ओरडलो. आईवर मी तसा कधी ओरडलो नव्हतो. "मी तुला बघायला सांगितलं होतं! मला सांगायला सांगितलं होतं! तू रोज साबुत साबुत म्हणत राहिलीस!"

"साबुतच होती ना," ती म्हणाली. "मी रोज पहाटे आधी तिच्याकडे बघायची. तशी दिसली की मला काही सुधरत नसे. त्यांच्या डोक्याशी, त्यांच्या आसनावर तुकडे पडलेले. कसं सांगू मी ते तोंडाने? तूच म्हणाला होतास, भिंतीला काही झालं की ती आधी... मग मी म्हटलं, ती तशी राहूच द्यायची नाही. पटकन दुसरी लावून टाकायची. ते येऊन बसायच्या आत."

तेव्हा मला समजलं. मी भिंतीची भीती मोजण्यासाठी काच लावली होती, आणि आईला त्या काचेतच सगळी भीती दिसत होती. भेगेचं तिला काही नव्हतं. सौभाग्याच्या डोक्यावर काच फुटते, एवढंच तिला दिसत होतं, आणि ते निस्तरायला ती दर वेळी धावली होती. माझा राग ओसरला आणि खाली नुसती भीती उरली. बाहेर ओसरीवर बाबा आचमन करत होते. पारायणाची दुसरी बैठक सुरू व्हायची वेळ झाली होती.

मी त्यांना गाठलं. सोवळ्यातल्या बाबांपासून चार हात दूर उभा राहून म्हणालो, "बाबा, आज त्या खोलीत बसू नका. विद्यार्थ्यांनाही बसवू नका. भिंत जाणार आहे."

बाबा शांत माणूस. त्यांना रागावताना मी फारसं पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "कधी?"

"ते सांगता येत नाही."

"आज?"

"आज, उद्या, परवा. कदाचित पाणी पूर्ण उतरल्यावर."

"कदाचित नाहीसुद्धा?"

"कदाचित... नाहीसुद्धा," मला म्हणावं लागलं.

"अरे, मग एवढा परेशान कशाला होतोस?" ते म्हणाले. "एवढा बाढ आला तेव्हा ती उभी राहिली, आता पाणी घटताना काय होणार? तूच तर म्हणत होतास की स्थिर आहे." मी त्यांना पैलवानाचं उदाहरण सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, एखाद्या विद्यार्थ्याची चुकीची संथा ऐकावी तसं. "मधेच आसन उचललं तर संकल्प भंगतो. माझ्या आजोबांनी इथे बसून केलं. समाप्तीला चार दिवस राहिलेत. मग बघू, हो." आणि ते आत गेले. विद्यार्थी त्यांच्या मागोमाग गेले. मी उंबऱ्याशी उभा. बाबा आसनावर बसले, उजवा खांदा भेगेकडे. त्यांनी हात जोडून डोळे मिटले आणि पुढचा अध्याय सुरू केला.

मला काय करावं ते कळेना. आत धावून जाऊन त्यांना ओढून काढावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. त्या अख्ख्या शिक्षणात मला एवढंसुद्धा शिकता आलं नव्हतं, की बापाला जागेवरून कसं उठवायचं. भेगेतून वाळूचे दोन-चार कण घरंगळले, ते त्यांच्या उपरण्यावर पडलेले मला दिसले. त्यांना ते कळलंही नाही.

तेवढ्यात माझ्या बाजूला आई येऊन उभी राहिली. पारायण चालू असताना ती त्या दाराशी कधी आलेली मी पाहिली नव्हती. हातात एक फडकं होतं. तिने ते उंबऱ्यावर ठेवून सोडलं. आत काचेचे तुकडे होते, सगळे जपून ठेवलेले. फुटकी काच घरात ठेवू नये म्हणून ते गंगेत सोडायचे होते, पण पूर आला आणि तिला खाली उतरता आलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली.

बाबा म्हणतच होते.

"अहो, वटपौर्णिमेला फुटली."

खोलीतले आवाज एकेक करून गळत गेले. बाबांचा शेवटी थांबला. त्यांनी डोळे उघडले. संहिता मधेच थांबली होती आणि ज्या शब्दाने थांबली तो शब्द माझ्या आईच्या तोंडचा होता.

"मग आषाढी एकादशीला फुटली," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र चढत होता. "मग दिव्याच्या अवसेला फुटली. मग नागपंचमीला फुटली. आणि काल सप्तमीला पुन्हा फुटली. मी प्रत्येक वेळी दुसरी लावली. कुणाला कळू दिलं नाही. तुमच्या डोक्यावर फुटत होती."

बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. आयुष्यभर त्यांनी तिथी मोजल्या होत्या. माझं माती-पाण्याचं गणित त्यांच्या कानांवरून गेलं होतं. हे गणित त्यांचं स्वतःचं होतं. पौर्णिमेपासून एकादशी. एकादशीपासून अमावास्या. अमावास्येपासून पंचमी. पंचमीपासून सप्तमी. अंगठा दर खेपेला आधीपेक्षा लवकर थांबत होता. शेवटी तो नुसता दोन पेरांवरच थांबला, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. बाबांच्या चेहऱ्यावर भीती कशी दिसते ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

"उठा," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. "सगळे उठा. पळू नका. एकेक जण बाहेर." सगळे बाहेर पडल्यावर ते स्वतः उठले. नंदादीप दोन्ही हातांनी उचलला आणि ज्योतीला उपरण्याचा आडोसा करत उंबरा ओलांडला. आईच्या जवळून जाताना क्षणभर थांबले. मला वाटलं आता तिला बोलतील. ते एवढंच म्हणाले, "अगं, चल. तू पण चल जल्दी."

मंगला गौरीच्या देवळापाशी आमच्याच एका दशग्रंथी स्नेह्यांचं घर होतं. त्यांनी पुढची खोली रिकामी करून दिली. बाबांनी प्रायश्चित्त घेतलं, नवा संकल्प सोडला आणि पारायण पहिल्यापासून सुरू केलं. गल्लीत चर्चा झालीच. पोराने इंग्रजी विद्या शिकून बापाचं आसन उठवलं, असं दोघातिघांनी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. दुसरा दिवस गेला, भिंत उभी. मी खालच्या पायऱ्यांवर बसून तिच्याकडे टक लावून होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मला दोन्हीकडून भीती वाटत होती. ती पडली तर आमचं घर जाणार होतं. ती नाही पडली तर बाबांचा मोडलेला संकल्प जन्मभर माझ्या डोक्यावर बसणार होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. नदी बरीच खाली गेली होती. आधी भिंतीच्या तळातून पाण्याची एक धार निघाली, गढूळ. मग कुणीतरी जड पेटी ओढावी तसा आवाज झाला. भिंत कोसळली असं म्हणता येणार नाही. ती मधून पोटासारखी फुगली, उभ्या उभ्या खाली बसली आणि पायऱ्यांवरून गंगेत घसरत गेली. धूळ बसल्यावर मी घरात गेलो आणि पाठशाळेच्या उंबऱ्यावर थांबलो. सवयीने थांबलो. समोर बाबांची जागा नव्हती. आसन जिथे असे तिथे हवा होती, आणि त्या हवेतून उजवीकडे दूर रामनगर दिसत होतं.

प्रबंध लिहून झाला. तिसरं प्रकरण मी फाडून पुन्हा लिहिलं. आईच्या तिथी तारखांत बसवल्या, आलेख काढला. आलेखाची रेघ शेवटी जी उभी होत गेली होती ती बघून प्रोफेसरांनी तिच्यावरून तळापासून वर बोट फिरवलं. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पुढे राज्यही बदललं. मी पुष्कळ भिंतींवर काचा लावल्या. अजूनही शाबूत काच दिसली की मी आधी मुंग्या बघतो.

आई-बाबा मग मंगला गौरीच्याच बाजूला भाड्याने राहू लागले. बाबा पुढे कितीतरी श्रावण पारायणाला बसले, आणि बसायच्या आधी दर वेळी आईला विचारायचे, "अगं, भिंत बघितलीस का?" ती जाऊन चारी भिंतींना हात लावून यायची. म्हातारपणी एका थंडीत ते आपल्या अंथरुणावर, झोपेतच गेले. गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांच्यातली वडीलधारी एक आईचा हात हातात घेऊन हलकेच म्हणाली, "बांगड्या वाढवायच्या आहेत हो आता."

आईने हात ओढून घेतला नाही. कोरड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघून म्हणाली, "फोडायच्या आहेत म्हणा. एकदा मी ते तोंडाने म्हटलं, म्हणून आजवर हातात राहिल्या या."